आधी शब्द पाळा, मग धीर मागा

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत पालक सभा झाली. सभेला बाहेरून एक व्याख्याते बोलावले होते. बोलले छान, पालकही चांगले जमले होते. अम्मी मंडळी पुढच्या बाकांवर बसली होती आणि कामावरून थेट आलेले अब्बा मागे उभे होते. व्याख्यात्यांनी पडद्यावर एक छोटा व्हिडिओ दाखवला. एका खोलीत चार वर्षांचे मूल बसले आहे. समोर बशीत मार्शमेलो, म्हणजे तिकडची साखरेची मऊ मिठाई. बाई सांगतात, "मी परत येईपर्यंत ही खाल्ली नाहीस तर तुला दोन मिळतील." बाई निघून जातात. मूल मिठाईकडे बघते, वास घेते, डोळे झाकते, स्वतःच्याच हातांवर बसते. सगळी सभा हसली. मग व्याख्याते म्हणाले, "जे मूल थांबलं ते आयुष्यात पुढे गेलं. जे थांबलं नाही ते मागे राहिलं. आज घरी जाऊन करून बघा."

पालकांनी ते मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौथीतल्या एका मुलाचे वडील फाटकापाशी माझी वाट बघत होते. रिक्षा चालवतात. मुलांच्या शिक्षणासाठी जिवाचे रान करणारा माणूस.

"मॅडम, रात्री चॉकलेट ठेवून बघितलं," ते म्हणाले. "मी चप्पल घालून दाराबाहेर पडेपर्यंत ह्याने खाऊन टाकलं. मोठीने अर्धा तास हात लावला नाही. आता ह्याला शिष्यवृत्तीच्या शिकवणीला घालून काही उपयोग आहे का? तेवढे पैसे मोठीच्या कामी येतील."

मुलगा बाजूलाच उभा होता. चपलेच्या टोकाने माती उकरत होता. बापाने काय म्हटले ते त्याने नीट ऐकले होते.

मी एवढेच म्हटले, "भाई, दोन दिवस थांबा. मग बोलू." कारण मला लगेच उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर त्याच मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी स्वतः "धीर कमी" असा शेरा लिहिला होता. हा प्रयोग मलाही ठाऊक होता आणि बीएड झाल्यापासून मी तो पक्का समजूनच चालत होते. त्या रात्री मी बसून या प्रयोगाचे पुढे काय झाले ते वाचून काढले. जे वाचले ते इथे सांगते, कारण त्या सभेतून गेलेले चॉकलेट किती घरांत पोहोचले असेल ते अल्लाहलाच ठाऊक.

मूळ प्रयोग काय होता?

वॉल्टर मिशेल नावाचे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी विद्यापीठाच्या बिंग बालवाडीतल्या मुलांवर हे प्रयोग केले. एक गोष्ट आपल्या व्हिडिओत कधीच सांगत नाहीत. मिशेल यांना कोणते मूल हुशार आणि कोणते मागे राहणार, हे शोधायचे नव्हते. लहान मूल थांबते ते कोणत्या युक्तीने, हा त्यांचा प्रश्न होता. मिठाई झाकून ठेवली तर मुले जास्त वेळ थांबत. काहीतरी मजेचे मनात आणायला सांगितले तरी जास्त थांबत. म्हणजे धीर ही जन्माला येताना मिळालेली वस्तू नाही, ती शिकवता येते, असेच त्यांचे काम सांगत होते.

पुढे त्या मुलांची वर्षे उलटल्यावर चौकशी झाली. 1990 मध्ये आलेल्या लेखात असे दिसले की ठरावीक पद्धतीने घेतलेल्या प्रयोगात जी मुले जास्त थांबली होती, त्यांना कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण होते. पण हा संबंध ज्यांच्यावरून सांगितला ती मुले शंभरसुद्धा नव्हती. आणि बालवाडी होती विद्यापीठाच्या आवारातली. तिथे बहुतेक मुले प्राध्यापकांची आणि विद्यापीठाशी संबंधित घरांतली. 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांचे 'इमोशनल इंटेलिजन्स' हे पुस्तक आले, त्यातून ही गोष्ट जगभर गेली. जाता जाता तिच्यातले "काही मुलांमध्ये असे दिसले" गळून पडले आणि "थांबेल तो जिंकेल" एवढेच उरले.

पुन्हा करून पाहिल्यावर

2018 मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि होनान क्वान या तिघांनी 900हून अधिक मुलांची माहिती तपासली. ही मुले एकाच बालवाडीतली नव्हती. त्यांच्यातल्या 500हून अधिक मुलांच्या आयांचे कॉलेजचे शिक्षण पुरे झालेले नव्हते आणि संशोधकांनी मुख्य लक्ष याच मुलांकडे दिले. साडेचार वर्षांच्या वयात मूल किती थांबले आणि पंधराव्या वर्षी अभ्यासात कुठे आहे, हे जोडून पाहिले. संबंध निघाला, पण पूर्वीच्या साधारण निम्माच. मग त्यांनी घरची परिस्थिती, घरातले वातावरण आणि मुलाची लहानपणची समज हिशेबात घेतली. तेव्हा त्या उरलेल्या संबंधाचाही दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला.

हिशेबात घेणे म्हणजे काय ते माझ्या वर्गात मी असे सांगते. ज्यांचे पाय मोठे ती मुले चांगले वाचतात, असे शाळाभर मोजले तर खरेच दिसेल. म्हणून काय मोठी चप्पल घेतल्याने वाचन सुधारते? नाही. मोठ्या पायांची मुले वयाने मोठी असतात. एकाच वर्गातली मुले घेतली की पायाचा आणि वाचनाचा संबंध संपतो. तसेच इथे झाले. ज्या घरात पैसा आहे, पुस्तके आहेत, आईला मुलाजवळ बसायला वेळ आहे, त्या घरातले मूल चॉकलेटसाठीही थांबते आणि परीक्षेतही पुढे असते. दोन्हींच्या मागे घर आहे. आपण मात्र सगळे श्रेय, आणि सगळा दोषही, त्या चार वर्षांच्या जिवाला देऊन मोकळे होतो.

2020 मध्ये खुद्द बिंग बालवाडीतली मुले मध्यम वयाची झाल्यावर त्यांच्यातल्या 113 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी कोण किती मिनिटे थांबले यावरून त्यांच्या आजच्या पैशाअडक्याचा अंदाज लागत नाही, असे त्यात निघाले. या कामात मिशेल स्वतः सामील होते. लेख छापून येण्याआधी, 2018 मध्ये, ते वारले. आपल्याच प्रयोगाबद्दलची लोकांची समजूत तपासून घ्यायला मोठे मन लागते. नंतर 2024 मध्ये 702 जणांचा वयाच्या 26व्या वर्षापर्यंतचा अभ्यास आला. या एका परीक्षेवरून मोठेपणीचे भरवशाने काही सांगता येत नाही, असाच त्याचाही निष्कर्ष आहे.

मग धीराला, संयमाला काही किंमतच नाही का? आहे, नक्कीच आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू आहे. तिथे तिसऱ्यापासून अकराव्या वर्षापर्यंत आई-वडील, शिक्षक आणि संशोधक अशा अनेकांनी मुलांचा स्वतःवरचा ताबा पाहिला. ज्यांचा ताबा चांगला होता त्यांची तब्येत आणि पैशाची घडी मोठेपणी बरी निघाली. आणि ज्यांचा ताबा वाढत्या वयात सुधारला, त्यांनाही त्याचा फायदा झाला. आठ वर्षे अनेकांनी पाहून सांगितलेली गोष्ट वेगळी आणि एका रात्री एका चॉकलेटवरून काढलेला निकाल वेगळा. फरक एवढाच आहे, पण तो मुलाच्या आयुष्याचा आहे.

समोरचा माणूस शब्दाचा पक्का आहे का?

मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते 2013च्या एका प्रयोगाने. सेलेस्ट किड नावाच्या संशोधक पूर्वी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम करत. तिथे मुलाच्या हातातली वस्तू कधी कोण घेऊन जाईल याचा नेम नसे. अशी मुले मिठाई समोर असताना थांबतील का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. म्हणून रॉचेस्टर विद्यापीठात त्यांनी मिठाईच्या आधी एक पायरी घातली.

मुलांना चित्र रंगवायला बसवले. हातात जुने, झिजलेले खडू दिले आणि सांगितले, "थोडं थांबलास तर मी छान नवे खडू आणते." निम्म्या मुलांना बाईंनी खरेच नवे खडू आणून दिले. निम्म्यांना रिकाम्या हाताने येऊन सांगितले, "माफ कर, माझी चूक झाली, खडू नाहीत." स्टिकर्सच्या बाबतीतही तेच केले. मग मिठाई ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुले सरासरी 12 मिनिटे थांबली. ज्यांना फसवले होती ती सरासरी 3 मिनिटे. पहिल्या गटातल्या 14 पैकी 9 मुलांनी पूर्ण 15 मिनिटे हात लावला नाही. दुसऱ्या गटात असे एकच मूल होते.

हा प्रयोगही अवघ्या 28 मुलांवरचा आहे, हे विसरू नये. जो प्रश्न आपण एका प्रयोगाला विचारला तो आपल्याला आवडणाऱ्या प्रयोगालाही विचारायलाच हवा. पण 2016 मध्ये लॉरा मायकेलसन आणि युको मुनाकाता यांनी वेगळ्या रीतीने हेच तपासले. मोठे माणूस दुसऱ्या कोणाशी खोटे वागताना मुलांनी नुसते पाहिले, तरी त्या माणसाच्या सांगण्यावरून मुले कमी वेळ थांबली. म्हणजे आपण मुलाला दिलेलाच नव्हे, तर दूधवाल्याला, भाडेकरूला, भावाला दिलेला शब्दही मूल मोजत असते.

तेव्हा लगेच खाणारे मूल अधीरच असते असे नाही. कधी ते शहाणे असते. थांबून काही मिळत नाही, हा त्याचा अनुभव असतो.

कोणत्या घरातली मुले?

गेल्या काही वर्षांत सामाजिक शास्त्रांत आणखी एक प्रश्न जोरात विचारला जातो. आपण "माणूस असा वागतो" म्हणतो, पण पाहिली कोणती माणसे? बहुतेक अमेरिका-युरोपातली. म्हणून हा प्रयोग आता इतर देशांतही केला जातो. 2018 मध्ये जर्मनीतली मुले आणि आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधली न्सो या शेतकरी समाजातली मुले यांची तुलना प्रसिद्ध झाली. दुसरा खाऊ मिळेपर्यंत थांबलेली जर्मन मुले साधारण तीस टक्के होती, न्सो मुले साधारण सत्तर टक्के. घरात मोठ्यांचे ऐकून शांत बसण्याचे वळण त्यांना तान्हेपणापासून असते.

2022 मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या मुलांचा अभ्यास आला. त्यात खाऊ आणि कागदात गुंडाळलेली भेटवस्तू अशा दोन गोष्टी ठेवल्या होत्या. जपानी मुले खाऊसाठी जास्त थांबली, अमेरिकन मुले भेटवस्तूसाठी. कारण जपानी घरांत सगळ्यांचे ताट वाढून होईपर्यंत थांबायची सवय असते आणि अमेरिकन घरांत भेटवस्तू ठरलेल्या वेळेपर्यंत न उघडण्याची.

हे वाचताना मला आपले दस्तरखान आठवले. रमजानमध्ये रोजा नसलेली सहा-सात वर्षांची मुलेही समोर खजूर आणि भजी असताना मगरिबच्या अजानची वाट बघतात. घड्याळाकडे बघतात, मोठ्यांचे तोंड बघतात, पण थांबतात. तिथे कोणी त्यांची परीक्षा घेत नाही. सगळे घर थांबलेले असते आणि अजान होणार हे त्यांना पक्के ठाऊक असते. तीच मुले दुपारी चॉकलेटवर तुटून पडतात. मग या मुलांना धीर आहे की नाही? प्रश्नच चुकीचा आहे. कोणाबरोबर, कशासाठी आणि कोणाच्या भरवशावर थांबायचे, हे पाहावे लागते.

शास्त्र स्वतःलाही तपासते

ही एकट्या मिठाईची गोष्ट नाही. 2015 मध्ये ब्रायन नोसेक आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळच्या जवळजवळ सगळ्या प्रयोगांत ठळक निष्कर्ष निघाले होते. पुन्हा केल्यावर तसे निष्कर्ष निघाले 36 टक्के प्रयोगांत. यावर मोठी चर्चा झाली. आता बरेच संशोधक काय तपासणार, किती जणांवर आणि कसे, हे काम सुरू करण्याआधीच लिहून जाहीर करतात. म्हणजे नंतर सोयीचे तेवढे दाखवता येत नाही. आपली माहितीही ते इतरांना तपासायला खुली ठेवतात.

काही जण म्हणतील, मग या शास्त्राचा भरवसा काय? मला उलटे वाटते. चूक सापडल्यावर ती छापून सांगतो त्याच्यावर भरवसा ठेवावा. घरातही तसेच असते.

मी हे आता सातवीच्या वर्गात नेले आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना तीन प्रश्न पाठ करायला लावले. किती जणांना विचारले? ते कोण होते? दुसऱ्या कोणी करून पाहिले का? मग त्यांना मोहल्ल्यात पाहणी करायला सांगितली, मुले रात्री किती वाजता झोपतात याची. मुलांचा निकाल आला की सगळेच उशिरा झोपतात. मुलींचा निकाल आला की बहुतेक लवकर झोपतात. वर्गात भांडणच लागले. शेवटी एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, ह्यांनी रात्री नाक्यावर जाऊन विचारलं. तिथे जागीच मुलं भेटणार." सगळा वर्ग हसला, पण "कोणाला विचारले" याचा धडा त्या दिवशी झाला. आता घरच्या मोबाइलवर एखादा संदेश आला की ही मुले मोठ्यांनाही तेच तीन प्रश्न विचारतात. एका आजोबांनी माझ्याकडे तक्रारही केली. मला ती तक्रार आवडली.

घरी काय करावे?

चॉकलेट ठेवून मुलांची परीक्षा घेऊ नका. घेतली असेल तर तिचा निकाल विसरून जा. आणि बहीण-भावाची तुलना तर मुळीच नको.

जमेल तेवढेच कबूल करा. "बघू", "ईदला आणू", "पुढच्या महिन्यात नक्की" हे आपण तोंड बंद करायला म्हणतो. मूल ते खरे धरते. तीनदा झाले की धरायचे सोडते.

शब्द पाळता आला नाही तर गप्प बसू नका. का जमले नाही ते सांगा आणि नवा दिवस सांगा. पैसे नाहीत हे मुलाला कळते. खोटे बोललात हेही कळते.

थांबायला शिकवा. वस्तू नजरेआड ठेवा, मधल्या वेळेत हाताला काम द्या, आणि सुरुवात पाच मिनिटांपासून करा. पाच मिनिटांनी मात्र नक्की द्या.

आणि तो मुलगा

दोन दिवसांनी मी मुलाला आधी एकटे विचारले, "चॉकलेट लगेच का खाल्लंस?" तो म्हणाला, "ठेवलं तर आपा घेते." खोलीत पाच माणसे, फ्रिज नाही आणि मोठी बहीण चलाख. त्याचे गणित बरोबर होते. मग हळूच म्हणाला, "आणि अब्बा दुसरं देणार नव्हते. सायकल पण देणार म्हणाले होते."

वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. सायकल दोनदा कबूल केली होती. एकदा रिक्षाचा हप्ता आडवा आला, एकदा आजारपण. त्यात त्यांचा दोष काय? काहीच नाही. पण मुलाला हे कोणी सांगितलेच नव्हते. ते म्हणाले, "लहान आहे म्हणून नाही सांगितलं, मॅडम."

मी त्यांना माझीही गोष्ट सांगितली. शनिवारी शेवटच्या तासाला गोष्ट सांगेन असे मी चौथीला कबूल केले होते. सरकारी कामाच्या ड्युटीमुळे तीन शनिवार हुकले आणि मी मुलांना कारणही सांगितले नाही. आणि त्याच वर्गातल्या मुलाला मी "धीर कमी" लिहिले. तो शेरा मी खोडला आहे. त्या जागी लिहिले आहे, "तोंडी हिशेब उत्तम."

शिकवणीचे दिवाळीपर्यंतचे पैसे भरायला वडील तयार झाले आहेत. पुढचे पुढे बघू म्हणाले. सायकलचे त्यांनी मुलाला खरे ते सांगितले: या वर्षी नाही. मुलगा रडला म्हणे, मग जेवला आणि झोपला.

या शनिवारी मी चौथीला गोष्ट सांगितली. तोही ऐकत बसला होता, घंटा होईपर्यंत.